कासवाच्या पोटातली पिशवी

उकिरड्यावरची प्लॅस्टिकची पिशवी गाईने गिळली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पोट फुगते, ती रवंथ करीनाशी होते आणि पुढ्यात चारा असूनही खंगत जाते. समुद्रातल्या कासवाचीही हीच गत होते.

मुंबईच्या उपनगरातली ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी अंधेरीजवळचा वर्सोव्याचा किनारा आहे. नाल्यात टाकलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. तिथे ती कासवाला जेलीफिश या मऊ, पारदर्शक जीवासारखी दिसते. ते तर त्याचे खाणेच. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. गिळलेले भक्ष्य निसटू नये म्हणून ते असतात; पण त्यांच्यामुळे पिशवीही बाहेर टाकता येत नाही. आतडे तुंबते, वायू धरतो, बुडी मारता येत नाही. मग उपाशी, अशक्त कासव लाटांबरोबर किनाऱ्याला लागते.

वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी किनारा साफ करायला सुरुवात केली. हळूहळू लोक जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये तिथल्या वाळूतून कासवाची सुमारे ८० पिल्ले निघाली आणि समुद्राकडे गेली!

तुमचे गाव समुद्रापासून लांब असेल, पण गावचा ओढा नदीलाच मिळतो ना? मग खता-बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या बांधावर सोडू नका. पोत्यात साठवून भंगारवाल्याला द्या. गोठ्यातली गाय वाचेल आणि दूरचे कासवही.