बिऱ्हाडाची बांधाबांध

बदलीचा हुकूम हाती पडला, की सरकारी नोकराच्या घरात दोन गोष्टींचा शोध सुरू होतो. मुलांसाठी नव्या गावातील शाळेचा आणि सामानासाठी रिकाम्या खोक्यांचा. दुसरा शोध आपण क्षुल्लक मानतो आणि हाती येईल ते हाती येईल त्या खोक्यात कोंबतो. परंतु विंचवाप्रमाणे आपण आपले बिऱ्हाड आपल्या पाठीवर नेत नाही. ते परक्या हातांनी उचलले जाते आणि उघडण्याच्या वेळी आपण थकलेले असतो. म्हणून खोके भरावे ते भरणाऱ्याच्या सोयीने नव्हे, तर उचलणाऱ्याच्या व उघडणाऱ्याच्या सोयीने.

प्रथम वजनाचा विचार करू. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १ फूट असलेले खोके पुस्तकांनी गच्च भरले, तर ते सुमारे १५ किलो भरते. एक माणूस ते सहज उचलतो. हीच मापे २ फूट केली, की आतील जागा दुप्पट नव्हे, आठपट होते आणि वजन सव्वाशे किलोंच्या घरात जाते. असे खोके एक तर तळातून फाटते, नाही तर हमालाची कंबर मोडते. यास्तव पुस्तके लहान खोक्यांत आणि गाद्या-उशा, रजया मोठ्या खोक्यांत, हा पहिला नियम.

दुसरा नियम पोकळीचा. वाटेत वस्तू फुटतात त्या बहुधा आत हलायला जागा राहिल्यामुळे. शिवाय पुठ्ठ्याच्या खोक्याचे बळ त्याच्या उभ्या भिंतींत व कोपऱ्यांत असते. अर्धवट भरलेल्या खोक्याचे झाकण वरच्या भाराने खचते. म्हणून खोके काठोकाठ भरावे आणि कोपऱ्यावर कोपरा येईल असे रचावे. चिनी मातीच्या बश्या आडव्या रचल्यास साऱ्यांचा भार सर्वांत खालच्या बशीवर पडतो. त्या कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्या. मधल्या फटींत पंचे, जुनी लुगडी भरावी. कपड्यांची जागाही वाचते व बश्याही सुखरूप राहतात. रिकामे पातेले किंवा कुकर म्हणजे वाया गेलेली जागाच. त्यात वाट्या-चमचे सहज मावतात. पावसाळ्यात मात्र ध्यानात असावे, की भिजलेला पुठ्ठा आपले बळ गमावतो.

तिसरा नियम नोंदीचा. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा आणि तो झाकणावर नव्हे, तर दोन बाजूंवर लिहावा. खोके एकावर एक चढले, की झाकण दिसेनासे होते. वहीत त्या क्रमांकापुढे आतील वस्तू व त्या ठेवण्याची खोली लिहावी. ‘किरकोळ’ हा शब्द टाळावा. कचेरीत ‘संकीर्ण’ नावाच्या फायलीत गेलेला कागद जसा पुन्हा सापडत नाही, तशीच ‘किरकोळ’ खोक्यातील वस्तूची गत होते.

घराची खरेदीखते, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, औषधे व दागिने ट्रकमध्ये कधीही चढवू नयेत. ती आपल्याबरोबरच असावीत. गॅसचा सिलिंडरही सामानात घालू नये. परगावी जाताना तो वितरकाकडे परत करून त्याची पावती घ्यावी. तिच्या आधारे नव्या गावी जोडणी मिळते.

शेवटी एक खोके पहिल्या रात्रीचे. ते सर्वांत शेवटी चढावे व सर्वांत आधी उतरावे. चहा-साखर, एक पातेले, थोडे तांदूळ व डाळ, कात्री, विजेचा दिवा, चादरी आणि देव्हाऱ्यातील देव त्यात असावेत. कानपूरला किंवा गुवाहाटीला उतरलेल्या मराठी कुटुंबाला त्या रात्री शेजार परका असतो, रस्त्यावरची भाषाही परकी असते. घरातील वृद्ध आईला आपले देव आणि लहान मुलाला आपली गोधडी अंधारण्यापूर्वी मिळाली, तर चाळीस खोकी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत पडून राहिली तरी बिघडत नाही.