जीटी न मारता केलेली बुगाटी

सुरुवातीलाच एक कबुली. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या बहुतेक शीट मी जीटी मारून केल्या. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर सीनिअरची शीट आणि तिच्यावर माझी कोरी. शीट झाली, सही मिळाली, पण त्या शीटमध्ये काय होतं ते व्हायवालाही सांगता आलं नाही! पुढे एका मॉडेलने याचा हिशेब चुकता केला, त्याची ही गोष्ट. मॉडेल करायचं असेल त्यांना कृतीही मिळेल.

प्रदर्शनासाठी आम्ही तिघा रूम पार्टनरांनी जुनी रेसकार करायची ठरवली. गाडी निवडली बुगाटी टाइप ३५. ३ ऑगस्ट १९२४ रोजी फ्रान्समध्ये लिओंच्या ग्रां प्रीत ही पहिल्यांदा उतरली. एका ओळीत आठ सिलिंडर, १९९१ सीसी, वजन साधारण ७५० किलो. पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत या घराण्याच्या गाड्यांनीच जिंकली.

पहिला प्रयत्न अर्थातच जीटी! एक झकास फोटो मोठा करून छापला, काचेवर ट्रेस केला आणि सनबोर्ड कापला. जोडल्यावर बघतो तर पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं आणि शेपूट आखूड. फोटो तिरका काढलेला होता. जवळची वस्तू मोठी दिसते हे शाळेतलं ज्ञान, पण ट्रेस करताना ते कोणाला आठवतंय? पंधरा दिवस पाण्यात.

मग शहाणे झालो. मॉडेलची सुरुवात चित्रापासून नाही, एका खात्रीच्या मापापासून करायची. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २४०० मिमी आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं १२०० मिमी. आम्ही १:१२ प्रमाण घेतलं. म्हणजे २०० मिमी आणि १०० मिमी, हिशेबाला एकदम सोपं! बाकीची मापं लांबून, अगदी बाजूने काढलेल्या फोटोवरून काढली. फोटोत दोन आसांमधलं अंतर पट्टीने ८० मिमी भरलं, तर फोटोतला १ मिमी म्हणजे मॉडेलवर २.५ मिमी. झालं!

प्रमाण डोळ्यांनी समजून घ्यायचं असेल तर कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहा. पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक, की आलंच. मॉडेल रेल्वेत १:८७ हे प्रमाण जगभर चालतं. इतक्या लहान डब्यात काय दाखवायचं आणि काय सोडायचं, हे करणाऱ्याला ठरवावंच लागतं.

आमचीही पंचाईत इथेच झाली. लांबी बारा पटीने कमी होते, क्षेत्रफळ १४४ पटीने आणि घनफळ १७२८ पटीने. त्या हिशेबाने ७५० किलोची गाडी जेमतेम ४३४ ग्रॅमची व्हायला हवी. पण सामान आपोआप पातळ होत नाही! ३ मिमीचा सनबोर्ड खऱ्या गाडीत ३६ मिमी होतो. इतक्या जाड पत्र्याची गाडी कोणी पाहिली आहे का? मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते बहुतेक यामुळेच. बॉनेटला आम्ही कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापून वापरला. तो साधारण ०.१ मिमी जाड, म्हणजे खऱ्या गाडीत १.२ मिमी. गरम हवा बाहेर जायच्या फटी संपलेल्या बॉलपेनने मागून दाबून उठवल्या. सायकलची २ मिमीची तार मात्र जपून वापरा, ती खऱ्या मापात २४ मिमीचा गज होते.

अंगासाठी सनबोर्डचे आडवे छेद दर २ सेंमीवर उभे केले आणि मधे थर्मोकोल भरला. त्यावर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाचे दोन थर, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. कागद विसरू नका. स्प्रे पेंटमधलं थिनर थर्मोकोल खाऊन टाकतं.

चाकांपाशी खरी परीक्षा झाली. जुनी गाडी म्हणजे तारांची चाकं, असं समजून आम्ही ती तारांची केली. वर्कशॉपच्या मामांनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "ब्रेकचा ड्रम कुठंय रे पोरांनो?" आम्ही गप्प. परत फोटो काढून बसलो. तारांची चाकं होती, पण ती नंतरच्या, स्वस्तातल्या ३५ए या गाडीला. लिओंच्या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं होती, आठ चपट्या आऱ्यांची, आणि ड्रम चाकातच ओतलेला. त्यामुळे वजन कमी, ड्रमची उष्णता चाकावाटे बाहेर, आणि चाक काढलं की ब्रेकचे शू समोर! पुढचा आसही तसाच. तो मधे पोकळ आहे आणि पाट्यांच्या स्प्रिंगा त्याच्यावर न बसता त्याच्या आरपार जातात. आम्ही ट्रकसारख्या वर चिकटवल्या होत्या. एम-सील फोडून पुन्हा केल्या.

टायर ७१० बाय ९०, म्हणजे आमच्याकडे ५९ मिमी व्यास आणि ७.५ मिमी रुंदी. हवाई चपलेच्या सोलातून चकत्या कापल्या आणि ड्रिलवर फिरवत घासल्या. कोणाच्या चपला ते विचारू नका!

रंग निळा, कारण त्या काळी गाडीचा रंग देशावरून ठरे: फ्रान्स निळा, इटली लाल, इंग्लंड हिरवा. पण कासार आंबोलीच्या पावसात स्प्रे मारू नये. हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट धुरकट थर येतो. आमचा पहिला हात असाच गेला. दिवाळीनंतरच्या कोरड्या उन्हात पातळ-पातळ तीन हात दिले. मग काळा पोस्टर कलर पाण्यात कालवून फटींमध्ये सोडला आणि वरचा पुसून घेतला. फटी खोल दिसायला लागल्या.

प्रदर्शनात एक्स्टर्नल सर मॉडेलपाशी थांबले. मागच्या टायरचं रबर सोललेलं पाहून म्हणाले, "हे फिनिशिंग राहिलं वाटतं?" या प्रश्नाची तर आम्ही वाट बघत होतो! लिओंला पाच गाड्या उतरल्या, पण खास बनवून घेतलेल्या टायरांचं रबर नीट पक्कं झालेलं नव्हतं. वेगात वरचा थर सुटून येऊ लागला. इतकी सुंदर गाडी, पण सर्वात पुढची बुगाटी सातवी आली. आम्ही केली होती ती त्या दिवसाची गाडी. सर वीस मिनिटं प्रश्न विचारत राहिले. आस पोकळ का? ड्रम चाकात का? कॅनच का वापरला? तिघांनाही उत्तरं येत होती. मला तर आयुष्यात पहिल्यांदाच व्हायवा संपू नये असं वाटलं.

बक्षीस नाही मिळालं, ते एका रोबोला गेलं. असो. आता थ्रीडी प्रिंटरवर फाइल टाकली की सकाळी गाडी तयार मिळते. जरूर करा. फक्त फाइल दुसऱ्याची असेल तर एकदा स्वतःला विचारा, हा ड्रम इथे का आहे? नाहीतर तीही जीटीच.

ज्यांना मॉडेल करायचं असेल त्यांनी रात्रीच्या मेसनंतर रूमवर यावं. कटर आणि पट्टी आम्ही देऊ. चपला आपापल्या आणाव्यात.