काळजी जेव्हा आजार बनते



पावसाने ओढ दिली, सोसायटीच्या कर्जाची मुदत जवळ आली, की काळजी कोणालाही वाटते. दोन-चार रात्री झोप लागत नाही. मग माणूस सावरतो, कामाला लागतो. परंतु दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्नावर वासना नाही, शेताकडे पाऊल वळत नाही, ‘मी नसलो तरच बरे’ असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो आळस नव्हे. तो आजार आहे आणि उपचाराने बरा होऊ शकतो.

अशा माणसाला एकटे सोडू नये. उपदेश न करता त्याचे ऐकून घ्यावे. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. दारूपासून दूर ठेवावे. तिने झोप मोडते. सरकारी दवाखान्यात सोबत जावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत फोन २०२२ पासून रात्रंदिवस चालतो. मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते.

प्रार्थना करावीच, डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. पीक बुडाले तर कर्जाची मुदत वाढवून मागता येते. गेलेला माणूस मात्र मागून मिळत नाही.