सिनेमातला न्याय आणि कोर्टाची तारीख

मी काही समीक्षक नाही. चुडाव्यासारख्या गावात सिनेमा म्हणजे मोबाईलच.

‘जय भीम’ (२०२१) हा तमिळ चित्रपट आपल्या तरुणांनी डोक्यावर घेतला. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या राजाकन्नूच्या पत्नीला त्यात पावणेतीन तासांत न्याय मिळतो. मूळ घटना मात्र १९९३ची. मद्रास उच्च न्यायालयाने दोषी पोलिसांना शिक्षा दिली २००६ मध्ये. मधली १३ वर्षे किती लांब होती, हे सिनेमा पाहून कळत नाही.

ते कळते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४). शाहीर अटकेत आणि पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख. पाहताना कंटाळा येतो, पण तोच त्याचा मुद्दा आहे. आनंद पटवर्धन यांनी तर रमाबाई नगर गोळीबारानंतर १४ वर्षे चित्रीकरण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. नुसता गुन्हा नोंदवावा, या आदेशासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. तो मिळाला जुलै २०२५ मध्ये.

म्हणून तरुणांनो, सिनेमा एकट्याने पाहून स्टेटस ठेवण्यापेक्षा विहारात सगळे मिळून पाहा. नंतर अर्धा तास बोला: कागद कुणी जपले? साक्षीदाराला धीर कुणी दिला? वकिलाची फी कुठून आली? सिनेमातल्यासारखा वकील प्रत्येकाला भेटत नाही. तारखेला सोबत जाणारी दोन माणसे मात्र प्रत्येक गावात तयार होऊ शकतात.