डोळे शाबूत, तरीही अंधत्व : थॅलॅमसमधील दृष्टिमार्गांचे महत्त्व

मेंदूच्या मागील भागाला इजा झाली, तर डोळे पूर्णपणे निरोगी असूनही माणसाच्या दृष्टिक्षेत्राचा काही भाग अंध होऊ शकतो. पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना हा अनुभव येतो. मात्र यांपैकी काही रुग्णांना त्या अंध भागातील हालचाल ओळखता येते, असे गेल्या शतकभरात वेळोवेळी दिसून आले आहे. या कोड्याची उकल करण्यासाठी डोळ्यांपासून निघणारे मार्ग मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसला कसे जोडलेले आहेत, हे समजून घ्यावे लागते.

डोळ्यापासून थॅलॅमसपर्यंत

मानवाच्या प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लाख तंतू मेंदूकडे जातात. दोन्ही डोळ्यांचे तंतू वाटेत एकत्र येतात. तेथे नाकाकडील अर्ध्या दृष्टिपटलातून आलेले तंतू विरुद्ध बाजूला वळतात, तर कानाकडील अर्ध्या भागातील तंतू त्याच बाजूने पुढे जातात. त्यामुळे समोरील दृश्याचा डावा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला आणि उजवा भाग डाव्या बाजूला पोहोचतो, मग तो कोणत्याही डोळ्याने पाहिलेला असो.

माकडांमध्ये दृष्टिपटलातून मेंदूकडे जाणाऱ्या पेशींपैकी सुमारे ९० टक्के पेशींचे तंतू थॅलॅमसमधील लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस या केंद्रात जातात. मानवातील रचनाही याच धर्तीची आहे. उंदरांमध्ये मात्र बहुतेक तंतू विरुद्ध बाजूला जातात आणि त्यांचा मुख्य भर नजर वळविणाऱ्या मध्यमेंदूतील सुपीरिअर कॉलिक्युलस या भागावर असतो. म्हणूनच मानवी दृष्टीच्या अभ्यासात माकडांवरील संशोधनाला विशेष महत्त्व आहे.

सहा थर, तीन मार्ग

जेनिक्युलेट केंद्रात पेशींचे सहा मुख्य थर असतात. पहिला, चौथा आणि सहावा थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याकडून, तर दुसरा, तिसरा आणि पाचवा थर त्याच बाजूच्या डोळ्याकडून संदेश घेतो. दोन डोळ्यांचे संदेश येथे शेजारी असले, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांचा खरा संगम पुढे, मेंदूच्या बाह्यकात होतो.

खालच्या दोन थरांतील पेशी मोठ्या असून त्यांना मॅग्नो म्हणतात. वेगाने होणारे बदल आणि अंधूक फरक टिपणे हे त्यांचे काम आहे. वरच्या चार थरांतील लहान पार्व्हो पेशी बारकावे तसेच तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद हाताळतात. या थरांच्या दरम्यान कोनिओ नावाच्या अतिशय लहान पेशी विखुरलेल्या असतात. निळ्या रंगाशी निगडित संदेशांचा काही भाग त्यांच्याकडे येतो. या पेशी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या.

केवळ टपाल कार्यालय नव्हे

डोळ्याचा संदेश जसाच्या तसा पुढे पाठविणारे केंद्र, असे थॅलॅमसचे वर्णन पूर्वी केले जात असे. प्रत्यक्षात जेनिक्युलेट केंद्रातील पेशींवर येणाऱ्या जोडण्यांपैकी केवळ १० टक्के किंवा त्याहूनही कमी जोडण्या दृष्टिपटलाकडून येतात. उर्वरित जोडण्या बाह्यक, मेंदूचा बुंधा आणि आसपासच्या निरोधक पेशी यांच्याकडून येतात. पाहणारा एखाद्या गोष्टीकडे लक्ष देतो, तेव्हा या केंद्रातील प्रतिसाद बदलतो, हे मानवांवरील प्रयोगांतही दिसले आहे. कोणता संदेश किती जोराने पुढे जावा, याच्या निवडीत थॅलॅमसचा सहभाग असतो.

अंध भागातील दृष्टी

पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या काही सैनिकांना अंध भागातील हालचाल जाणवते, अशी नोंद ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये केली. १९६० च्या दशकात केंब्रिज येथे हेलन नावाच्या माकडिणीचे प्राथमिक दृष्टिबाह्यक जवळजवळ पूर्णपणे काढण्यात आले होते. तरीही पुढील काही वर्षांत ती अडथळे टाळून वावरू लागली. लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'डी. बी.' या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला काहीच दिसत नाही, असे सांगणारा हा रुग्ण अंध भागातील प्रकाशाच्या ठिपक्याकडे बऱ्याच अचूकपणे हात नेत असे. या क्षमतेला पुढे 'अंधदृष्टी' हे नाव रूढ झाले.

प्राथमिक दृष्टिबाह्यक नष्ट झाल्यावर संदेश जातो कोठून? जेनिक्युलेट केंद्रातील काही पेशी, विशेषतः कोनिओ पेशी, प्राथमिक दृष्टिबाह्यकाला वळसा घालून हालचाल ओळखणाऱ्या एमटी या भागाशी थेट जोडलेल्या आहेत, असे माकडांवरील संशोधनातून २००४ मध्ये स्पष्ट झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्राथमिक दृष्टिबाह्यकाला इजा झालेल्या माकडांचे जेनिक्युलेट केंद्र औषधाने तात्पुरते निष्क्रिय करण्यात आले, तेव्हा त्यांची उरलेली दृष्टीही नाहीशी झाली. ऑक्सफर्ड येथील २०१५ च्या अभ्यासात अंधदृष्टी असलेल्या रुग्णांमध्ये हा मार्ग शाबूत आढळला. ज्यांच्यात ती क्षमता नव्हती, त्यांच्यात तो क्षीण झालेला होता किंवा आढळला नाही.

दुसरा मार्ग सुपीरिअर कॉलिक्युलसकडून थॅलॅमसमधील पुल्व्हिनार या मोठ्या भागाकडे जातो. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून या मार्गाचेही महत्त्व दाखवून दिले. त्यामुळे अंधदृष्टी एकाच मार्गावर अवलंबून असते, असे मानता येत नाही. इजा कोणत्या वयात झाली आणि किती पसरली, यावरही बरेच ठरते.

रुग्णांसाठी अर्थ

या संशोधनाला व्यावहारिक बाजूही आहे. अंध भागात हालचालीचे चित्र दाखवून दीर्घकाळ सराव करून घेतल्यास काही रुग्णांची हालचाल ओळखण्याची क्षमता सुधारते, असे अमेरिकेतील रोचेस्टर येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. ही सुधारणा मर्यादित असते आणि सर्वांना सारखा लाभ होत नाही. बाह्यकावरील इजेनंतर जेनिक्युलेट केंद्रातील अनेक पेशीही कालांतराने नष्ट होतात. त्यामुळे डोळ्यांची तपासणी पुरेशी नसून, थॅलॅमसपासून पुढे जाणारे कोणते मार्ग टिकून आहेत हे पाहणे रुग्णाच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे ठरते.