तडा बुजवण्याआधी

दसऱ्याला आमच्याकडे पूजा होते ती गाडीची. १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. तिला अंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आणि सगळे आटोपल्यावर एक्क्याण्णव वर्षांच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ड्रायव्हरच्या जागी दोन मिनिटे बसायचे, असा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता आहे. नानांना आता फारसे दिसत नाही. गाडी चालवणे सोडून पंधरा वर्षे झाली. पण स्टिअरिंगवर हात ठेवला की त्यांची पाठ ताठ होते आणि वाईहून पसरणी घाटाने वर पाचगणीला निघाल्यासारखे ते समोर बघू लागतात.

मागच्या दसऱ्याला त्यांनी हात ठेवला आणि लगेच उचलला. स्टिअरिंगच्या कड्याला गेलेल्या तड्यात त्यांच्या अंगठ्याजवळची कातडी चिमटली होती. "चावली रे मला," एवढेच म्हणाले आणि हसले. मला मात्र हसू आले नाही. तो तडा मी चार वर्षे पाहत होतो. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळण्यापलीकडे मी काही केले नव्हते, आणि उन्हाने तीही सुटली होती.

जुन्या गाडीची हौस असलेली माणसे इंजिनाविषयी बोलतात, पत्र्याविषयी बोलतात, क्रोमच्या चकाकीविषयी तर फारच बोलतात. प्लास्टिकविषयी कोणी बोलत नाही. खरे तर पत्र्याला ठोकून सरळ करणारा मिस्त्री अजून गल्लोगल्ली आहे. इंजिन उघडून बसवणारेही मिळतात. अडते ते टेललॅम्पच्या लाल 'काचे'वर, गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावर, डॅशबोर्डच्या एखाद्या बटणावर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली, तिलाच १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव मिळाले. आता ती बनत नाही. मुंबईच्या रस्त्यावरची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून इतिहासजमा झाली. तेव्हा जो तुकडा हातात आहे तो जपायचा, हाच खरा मार्ग.

पण जपायचा कसा? इथे मी आधी माझा पराक्रम सांगतो. काही वर्षांपूर्वी टेललॅम्पवर रंगाचे शिंतोडे उडाले होते. दसरा उद्यावर आलेला. मी थिनरचा बोळा घेतला आणि खसाखसा पुसून काढले. शिंतोडे गेले. सकाळी पाहतो तर त्या लाल प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटलेल्या. ऍक्रिलिकला थिनर चालत नाही, हे मला माहीत नव्हते. वस्तू कशाची आहे हे न विचारताच मी तिच्यावर उपाय केला होता.

'प्लास्टिक' हे एका पदार्थाचे नाव नाही. ते आडनाव आहे. घरात माणसे वेगवेगळ्या स्वभावाची. ढोबळमानाने दोन कुळे. एक तुपासारखे: तापवले की पातळ होते, निवले की पुन्हा थिजते. दुसरे उकडलेल्या अंड्यासारखे: एकदा घट्ट झाले की पुन्हा तापवून पातळ होणे नाही, फार तर करपेल. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली केलेले बॅकेलाइट हे या दुसऱ्या कुळातले. जुन्या विजेच्या बटणांचे काळे प्लास्टिक ते हेच. त्याला डाग देता येत नाही, चिकटवावेच लागते.

पहिल्या कुळातही जाती आहेत. ऍक्रिलिकची स्वच्छ भेग असेल, तर नावाच्या पाट्या करणारे कारागीर ती क्लोरोफॉर्मने जोडतात. थेंब भेगेत आपोआप ओढला जातो, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकमेकींत मिसळून जातात. हे काम मात्र त्यांच्याकडूनच करून घ्यावे, घरात मुलाबाळांत ती बाटली आणू नये. एबीएस नावाचे प्लास्टिक नंतरच्या काळातल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीत, आरशांच्या कवचात आणि स्कूटरच्या पॅनेलांत सापडते. ते ऍसिटोनमध्ये विरघळते. त्याच जातीच्या तुटक्या तुकड्याचा कीस ऍसिटोनमध्ये भिजवून लापशी केली की तीच त्याची लांबी. उलट, हल्लीचे बंपर बहुधा ज्याचे असतात ते पॉलिप्रॉपिलीन कुठल्याच साध्या गोंदाला दाद देत नाही. त्याला त्याच जातीची कांडी वितळवून सांधावे लागते, आणि मागच्या बाजूने स्टीलची बारीक जाळी गरम करून आत दाबली तर सांधा टिकतो.

जात ओळखायची कशी? नव्या भागांच्या आतल्या बाजूला अक्षरे कोरलेली असतात. जुन्यांवर नसतात. तिथे माझ्या नऊ वर्षांच्या नातीची बादली कामी आली. निखळलेला छोटा कपचा पाण्यात टाकायचा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतात. एबीएस, ऍक्रिलिक, बॅकेलाइट बुडतात. बाटलीचे झाकण, खेळण्यातली वीट, मोडके बटण असे करीत तिने अख्खे घर बादलीत घातले. "आजोबा, तुमचा कंगवा राहिला," असेही वर म्हणाली.

स्टिअरिंगचे दुखणे वेगळे. आत पोलादाचे कडे आणि वर कडक प्लास्टिकचा वेढा. ऊन लागले की दोन्ही फुगतात, पण सारखी नव्हे. काही प्लास्टिके तर पोलादाच्या पाच-सहापट. रात्री आकसतात, तीही तशीच. शिवाय वयाबरोबर प्लास्टिक कायमचे थोडे आटते, आतले पोलाद मात्र आहे तेवढेच राहते. आटलेला सदरा जसा शिवणीवर उसवतो, तसे हे कडे आऱ्यांच्या जोडावर उलते. मग घाम आणि ओल आत जाते, पोलाद गंजते, गंज फुगतो आणि तडा आणखी रुंदावतो. चिकटपट्टीखाली चार वर्षे हेच चालले होते.

मी बँकेत होतो तेव्हा थकलेले कर्ज फेडायला नवे कर्ज देऊन खाते 'नियमित' दाखवण्याचे प्रकार पाहिले होते. कागद स्वच्छ दिसे, आणि तडा आत वाढत राही. माझी पट्टी त्याच जातीची होती.

म्हणून तडा बुजवण्याआधी तो मोठा करावा लागतो. हेच मनाला जड जाते. बॅटरीची तार सोडवली, स्टिअरिंग कोणत्या कोनात बसले होते त्याची खूण केली आणि मिस्त्रींकडून ते उतरवून घेतले. साबणाच्या पाण्याने तीनदा धुतले, कारण पन्नास वर्षांच्या घामावर आणि तेलावर कुठलीच लांबी धरत नाही. मग तिकोनी कानस घेऊन पाचही भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पसरवल्या, थेट पोलादापर्यंत. गंज खरवडून त्यावर गंजरोधक प्रायमरचा हात दिला. तो वाळल्यावर दोन पुड्यांची इपॉक्सी लांबी मळून अंगठ्याने दाबून भरली, पृष्ठभागाच्या थोडी वर. चोवीस तास हात लावला नाही. नंतर पॉलिश पेपर: १२० नंबर, २२०, ४०० आणि शेवटी पाण्यासह ८००. प्रत्येक वेळी डोळे मिटून बोट फिरवायचे, कारण या कामात बोटाला डोळ्यापेक्षा जास्त कळते. मग प्रायमर आणि रंगाचे चार पातळ हात. जाड हात एकच दिला तर ओघळ येतो.

सरळ तुकडा असेल तर आणखी एक युक्ती आहे. भेग जिथे संपते तिथे बारीक भोक पाडावे. भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो; गोल भोकाच्या कडेवर तो वाटला जातो आणि भेग पुढे सरकत नाही.

आणि एक कठोर नियम. जिथे जीव टांगलेला आहे तिथे ही कारागिरी करू नये. स्टिअरिंगचे आतले पोलाद वाकले वा तडकले असेल, मधला तुंबा ढिला असेल, तर ते बदलावे. ब्रेक ऑइलची बाटली फुटली, हेल्मेटला तडा गेला, तर गोंद शोधू नये. आमचे पोलाद मिस्त्रींनी ठोकून, फिरवून पाहिले, तेव्हाच मी कानस हातात घेतली.

बदलणे सोपे होते, हेही खरे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या ढिगात मला अखंड स्टिअरिंग मिळाले होते, भावही ठरत आला होता. २०२१ पासून केंद्र सरकारच्या नियमात पन्नास वर्षांवरील, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्या स्टिअरिंगने तिथे काही बिघडले नसते. पण आमच्या कड्यावर डाव्या हाताला एक जागा आहे. तिथे बोटांच्या मागल्या बाजूचे खाचे झिजून सपाट झाले आहेत. घाटात नाना उजव्या हाताने हॉर्न द्यायचे आणि डाव्याने तिथे धरायचे. मी मागच्या सीटवर उभा राहून ते पाहिले आहे. हे झिजणे कुर्ल्याच्या ढिगात मिळणार नव्हते. पेपर मारताना तेवढी जागा मी सोडली.

काम पुरे झाले त्या रविवारी नानांना गाडीत बसवले. रंग असा जमला होता की मला स्वतःला सांधे शोधावे लागत. नानांनी दोन्ही हात ठेवले. मग हळूहळू, माळ ओढावी तशी, बोटे कड्यावरून फिरवली. एका जागी थांबले. पुढे आणखी एका जागी.

"किती होत्या रे भेगा?"

"पाच, नाना."

"दोन सापडल्या." पुन्हा एक फेरी झाली. "बाकीच्या तीन कुठे आहेत?"

मी सांगितले नाही. त्यांचा डावा हात तोवर त्या सपाट जागेवर जाऊन बसला होता.