रुपेरी हाताचा ऑटो आणि इतर शिलेदार

युरोपच्या मध्ययुगावर रचलेल्या आणि कुमारांच्या हाती निःशंकपणे द्याव्यात अशा साहसकथांचा विचार करू लागले की, पहिले नाव सर वॉल्टर स्कॉट याचेच घ्यावे लागते; आणि ते घेताक्षणीच हेही सांगावे लागते की, १८१९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली ‘आयव्हॅन्हो’ त्याने मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. तथापि भाल्यांच्या द्वंद्वाचे मैदान, वेढा पडलेली गढी, अज्ञातवासात हिंडणारा राजा आणि रानातले तिरंदाज ही जी सामग्री त्या एका ग्रंथात एकवटली, तिच्यावर पुढच्या शतकभराच्या कुमारकथाकारांचा प्रपंच चालला. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर सव्वाशे वर्षांनीही सॅक्सन व नॉर्मन यांचे वैर तितकेच धगधगत होते, हे स्कॉटचे गृहीत इतिहासकारांना मान्य नाही. पण कादंबरीचे त्यावाचून काही अडले नाही. आपल्या हरिभाऊ आपट्यांनीही स्कॉट आवडीने वाचला होता.

परंतु साहसाची गोडी लावणे हे अशा ग्रंथांचे निम्मेच काम होय. त्या साहसाची किंमत कोणी मोजली, कोणाचे घर जळाले, कोणाची रोजी बुडाली, हे जो लेखक बालवाचकापासून लपवत नाही, आणि तरीही त्याला पुस्तक खाली ठेवू देत नाही, तोच या प्रांतातला खरा अधिकारी, असे माझे मत आहे. आणि पुढील ग्रंथांची पारख मी त्याच निकषावर करणार आहे.

१८८३ हे या दृष्टीने मोठे लक्षणीय वर्ष ठरले. अमेरिकेत हॉवर्ड पाइल या डेलावेअर संस्थानातील विल्मिंग्टनच्या चित्रकाराने रॉबिन हुडच्या जुन्या पोवाड्यांची एकसंध कथा रचून, स्वतःच्या चित्रांनी सजवून, त्याच वर्षी प्रसिद्ध केली. जुन्या एका पोवाड्यात तरुण रॉबिन पंधरा वनरक्षकांना लोळवतो आणि पोवाडेकार त्याची फुशारकीच मिरवतो. पाइलच्या कथेत मरतो तो एकच, आणि तोही आधी रॉबिनवर बाण सोडणारा, शिवाय त्या एका मरणाचा सल रॉबिनच्या मनात राहतो. मुलांसाठी सौम्य करणे म्हणतात ते हेच असेल, तर माझी त्याला हरकत नाही. कारण येथे प्रेते कमी झाली असली तरी मृत्यूचे वजन वाढले आहे.

त्याच वर्षी इंग्लंडात ‘यंग फोक्स’ या साप्ताहिकातून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ब्लॅक ॲरो’ कॅप्टन जॉर्ज नॉर्थ या टोपणनावाने क्रमशः येत होती. याच साप्ताहिकात आधी आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’पेक्षा ही कथा त्या वाचकांना अधिक रुचली, लेखकाला मात्र ती जुनाट शब्दांची हलकी भरताड वाटे आणि त्याच्या पत्नीला तर ती आवडलीच नाही. पंधराव्या शतकातील गुलाबांच्या युद्धात, ज्याची सरशी त्याच्या छावणीत दाखल होणारा सर डॅनियल ब्रॅक्ली हा पालक आणि त्याच्याच कपटाचा हळूहळू थांग लागत जाणारा डिक शेल्टन हा पाल्य, अशी ही जोडी आहे. पाठीला बाक असलेला रिचर्ड, म्हणजे पुढचा राजा तिसरा रिचर्ड, येथे तडफदार सेनानी म्हणून वावरतो, वस्तुतः १४५२ साली जन्मलेला तो राजपुत्र तेव्हा आठनऊ वर्षांचा होता; पण हा कालविपर्यास क्षम्य आहे. ज्यासाठी मी हे पुस्तक जवळ बाळगतो तो प्रसंग निराळाच. डिकने आपल्या कार्यासाठी आरब्लास्टर नावाच्या म्हाताऱ्या तांडेलाचे गलबत पळवलेले असते व ते फुटून नष्ट झालेले असते. पुढे विजयाच्या भरात डिक स्वतःवरची मेहेरनजर खर्ची घालून त्याच म्हाताऱ्याचे प्राण वाचवतो. पण म्हातारा त्याला क्षमा करीत नाही. नायकाला क्षमा न मिळण्याचे हे धैर्य मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही दुर्मीळच असते.

कोनन डॉईलच्या १८९१ च्या ‘व्हाइट कंपनी’विषयी थोडक्यात आटोपतो. होम्सपेक्षा आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या श्रेष्ठ असा त्याचा स्वतःचा समज होता, आणि या कादंबरीतला बुटका, मंददृष्टी, शिष्टाचाराचा वेडा सर नायजेल लोरिंग पाहता तो समज अगदीच निराधार वाटत नाही. फौजांनी नागवलेला फ्रान्सचा मुलूख आणि खवळून उठलेली रयत डॉईलला दिसते; पण पाहिल्यावर तो घोडा थांबवत नाही. क्रूर म्हणून ख्यात असलेल्या पेद्रोला कास्तिलच्या गादीवर बसवण्यासाठी ही सारी मोहीम चालली आहे, हे त्याच्या वीरांच्या मनाला फारसे टोचत नाही.

या सर्वांहून मी वर ठेवतो ते पाइलचेच १८८८ मधले ‘ऑटो ऑफ द सिल्व्हर हँड’. सम्राट दुसरा फ्रेडरिक १२५० मध्ये वारल्यानंतर जर्मनीत सर्वमान्य सत्ता उरली नव्हती; गढ्यागढ्यांतून बसलेले सरदार व्यापाऱ्यांचे तांडे अडवून लुटीत, आणि १२७३ मध्ये हॅब्सबर्गचा रुडॉल्फ निवडून येईपर्यंत त्यांचा बंदोबस्त करणारा कोणी नव्हता. ऑटोचा बाप कॉनराड हा असाच एक लुटारू सरदार. जन्मतःच आई गेलेला ऑटो मठात, ग्रंथांच्या आणि भोळ्या ब्रदर जॉनच्या सहवासात वाढतो. मग बाप त्याला गढीत आणतो, आणि जखमी होऊन गुडघे टेकलेल्या शत्रूला आपल्या बापाने मारले, हे त्या मुलाला म्हाताऱ्या दाईच्या तोंडून कळते. त्या शत्रूचा वारस हेन्री सूड उगवतो तो या निरपराध मुलावर. तलवार धरण्याचा त्याचा उजवा हातच तो तोडतो. कृत्याचे वर्णन पाइल लांबवीत नाही, पण त्यातून पळवाटही काढीत नाही. पुढे ऑटोला सोडवण्यासाठी कॉनराडचा माणूस एकाक्ष हान्स फेरीवाल्याच्या वेषात शत्रूच्या गढीत शिरतो, कॉनराड पुलावर एकटा पाठलाग अडवून धरतो आणि हेन्रीला मिठी मारून त्याच्यासह नदीत कोसळतो. हा भाग कोणत्याही साहसकथेला भूषणावह आहे. परंतु शेवटी ऑटो मोठा होतो तो शिलेदार म्हणून नव्हे, तर सम्राटाचा सल्लागार म्हणून; आणि हेन्रीच्याच मुलीशी, कैदेत त्याला भेटायला येणाऱ्या पॉलीनशी, विवाह करून तो ते वैर कायमचे मिटवतो. ड्युररच्या लाकडी ठशांची आठवण करून देणारी पाइलची चित्रे या कथेपासून वेगळी काढताच येत नाहीत.

असे पुस्तक मुलांना देऊ नये, त्यात हात तोडला जातो, असे म्हणणारे पालक आपल्याकडेही भेटतील. पन्नास मुडदे पाडून हसत घरी परतणाऱ्या नायकाच्या गोष्टी हेच पालक निर्धास्तपणे विकत घेतात. पाइल १९११ मध्ये वारला. त्याच्या मजकुरावर आणि चित्रांवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही. तेव्हा कुमारांसाठी पुस्तके काढणाऱ्या मराठी प्रकाशकांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी हे पुस्तक काटछाट न करता आणि सर्व मूळ चित्रांसह मराठीत छापावे.